मेहरबानकाकांचा बादगीर

एसी थंडावा तयार करत नाही. तो घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, घंटागाडीवाला कचरा नेतो तसा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं. बहुतेकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओके, पण घर गार कधी होईल?"

मी ॲरिझोनातल्या चँडलर गावी एका लहानशा एअर कंडिशनिंग कंपनीत काम करत होते. आता रिटायर झाले. गाव वाळवंटात वसलेलं. जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, आणि नळाचा 'गार' पाण्याचा कॉक सोडला तरी आंघोळीला चालेल असं पाणी येतं. इथे एसी बंद पडणं ही गैरसोय नसते, संकट असतं. त्यामुळे आमच्या धंद्याला डॉक्टरकीची थोडी कळा आहे. लोक रडवेले होऊन फोन करतात आणि काम झालं की महिनाभरात आपल्याला विसरतात.

माझं काम यंत्र दुरुस्त करण्याचं नव्हतं. माझं काम 'लोड' काढण्याचं. म्हणजे घरात उष्णता कुठून आणि किती शिरते ते मोजायचं. पश्चिमेच्या खिडक्या किती, छतात इन्सुलेशन कसं, ओव्हन रोज चालतो का, माणसं किती. एक माणूस नुसता बसला तरी शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. माझा नवरा शनिवारी सोफ्यावर पडून क्रिकेट बघतो तेव्हाही तो हे काम नेमाने करत असतो, असं मी त्याला अधूनमधून सांगते.

लोड मोजायचा टनात. या शब्दाने फार घोटाळे केले. पुण्याहून नवीनच आलेलं एक जोडपं होतं, दोघंही सॉफ्टवेअरवाले. मी सांगितलं, "तुमच्या घराला पाच टनांचं युनिट लागेल, छतावर बसेल." दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन. "काकू, पाच टन म्हणजे पाच हजार किलो. बीम चेक केलेत का? खाली आमची बेडरूम आहे." मग त्याला समजावलं की टन हे यंत्राचं वजन नव्हे. पूर्वी इमारती बर्फाने गार करत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तो एक 'टन'. बर्फ गेला, नाव राहिलं. तो म्हणाला, "ओके, बट स्टिल, यार काकू, एकदा बीम बघून घ्या." बघून घेतला.

दुसऱ्या एका घरात दिवाणखाना काही केल्या गार होईना. दोन वेळा माणूस पाठवला, यंत्रात दोष नाही. शेवटी मी गेले. देवघराच्या वरचं गार हवेचं तोंड पुठ्ठ्याने बंद करून वर टेप मारली होती. समईची ज्योत विझते म्हणून. शेजारच्या दोन खोल्यांचीही तोंडं बंद, कारण तिथे आजींच्या पायाला वारा लागायचा. सगळी हवा एका कपड्यांच्या कपाटात जात होती. घरातले सुती सदरे तेवढे उत्तम थंडाव्यात होते.

मी नागपूरची. वडिलांच्या घरी दर एप्रिलात कूलरला नवीन वाळा भरायचं काम माझ्याकडे असे, पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. उन्हाळा या विषयात मला कोणी काही शिकवावं अशी माझी अपेक्षा नव्हती. आता ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या माणसाने माझा हा समज काढून टाकला.

रिटायर व्हायला दीडेक वर्ष उरलं होतं. मे महिन्यात बेहरामचा फोन आला. बेहराम चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, पन्नाशीचा, माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला. जरथुष्ट्री इराणी, पण जन्म आणि शाळा सोलापूरची, त्यामुळे मराठी बोलतो.

"शुभदाताई, थर्मोस्टॅटला लॉक लावून मिळेल का? ममा दिवसभर एसी बंद करते. मी आणि बायको ऑफिसला असतो. काल घरी आलो तर आत नाइंटी फोर."

नाइंटी फोर म्हणजे आपले चौतीस. ऐंशीच्या घरातल्या त्याच्या आईवडिलांना बंद घरात ते बरं नाही. चँडलरमध्ये दर उन्हाळ्यात अशी म्हातारी माणसं दगावतात, आणि बहुतेकदा एसी घरात असूनच. मी म्हटलं, येते.

गेले तेव्हा बेहराम वाट बघत होता. त्याची आई, शिरीनमावशी, आतल्या खोलीत पलंगावर शाल पांघरून बसल्या होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. वडील दिसेनात. ते मागच्या अंगणात होते. पडवीच्या दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर ओला पंचा टाकला होता आणि त्याच्यामागे खुर्ची घेऊन ते बसले होते. गोरे, उंच, कान मोठे, अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक.

"कुठली तू?" त्यांनी मराठीत विचारलं.

"नागपूरची."

"मग ठीक. नागपूरवाल्याला हवा म्हणजे काय ते कळतं. इथं लोकांना फक्त नंबर कळतो. बस की."

हे मेहरबानकाका. जन्म इराणमधल्या येझदचा. आपल्याकडच्या एका जुन्या मोटारसायकलचं नाव ज्या गावावरून पडलं ते हे येझद. विशीत ते चुलत्याच्या हॉटेलात काम करायला सोलापूरला आले, मग येझदला जाऊन लग्न करून शिरीनमावशींना घेऊन आले, आणि पुढे चाळीसएक वर्षं स्टेशनजवळ चहा, पाव आणि मस्का विकला. मुलगा अमेरिकेत स्थिरावल्यावर दोघं इकडे आली. अंगात इराण, बोलण्यात सोलापूर, पत्ता चँडलर.

मी लॉकचं काम करायला आले होते, वीस मिनिटांचं. तिथे दोन तास बसले. काकांनी शेजारच्या मगात बोट बुडवलं आणि तापलेल्या फरशीवर पाण्याने नकाशा काढायला सुरुवात केली.

"हे इकडं वाळवंट. हे तिकडं दुसरं वाळवंट. मधे आमचं येझद. उंटांचे तांडे इकडून येणार, तिकडं जाणार. रेशीम, कापड, मसाला, मेंदी. सगळ्यांना येझदला थांबायलाच लागायचं. का? पाणी."

पाऊस जवळजवळ नाही, नदी नाही, आणि तरी पाणी. ते डोंगरापासून जमिनीखालून मैलोन् मैल खणलेल्या बोगद्यांतून येतं, त्याला कनात म्हणतात. खणणारे लोक पांढरे कपडे घालून उतरत. बोगदा अंगावर कोसळला तर तेच कपडे कफन व्हावेत म्हणून. हे काकांनी इतक्या सहज सांगितलं की मी लिहायचं थांबले. हो, मी लिहून घेत होते. लोडच्या फॉर्मच्या मागच्या बाजूवर.

"ही जामे मशीद. दोन मिनार, इतके उंच की लांबून येणाऱ्या तांड्याला आधी तेच दिसायचे. निळ्या फरशा. अजून उभी आहे. हा बाजार, वर सगळं छत, विटांच्या घुमटांचं, प्रत्येक घुमटाला मधे एक भोक, उजेड तिथनं पडतो. हा अमीर चखमाखचा चौक, कमानींवर कमानी. हे आमचं आतश बेहराम. अग्नी. दीड हजार वर्षं विझला नाही म्हणतात. जागा बदलली, राजे बदलले, अग्नी तोच."

ते बाजारापर्यंत पोचले तोवर वरची मशीद वाळून गेली होती. अग्यारी काढली तेव्हा बाजार उडाला. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते पुन्हा बोट बुडवत होते आणि पुढचं काढत होते.

"आणि हा बादगीर," ते म्हणाले.

बादगीर म्हणजे वारा पकडणारा. घराच्या छतावर विटांचा चौकोनी मनोरा, वरच्या भागात उभ्या फटी, आत आडव्या-उभ्या भिंती. वाऱ्याच्या बाजूने वारा आत शिरतो आणि खाली घरात उतरतो, खाली हौद असतो, त्या पाण्यावरून जाताना गार होतो. दुसऱ्या बाजूने घरातली गरम हवा वर निघून जाते. वीज नाही, मोटर नाही. येझदच्या आकाशात असे शेकडो मनोरे आहेत. पाण्याच्या एका टाकीवर तर सहा. दौलताबाद बागेतला सगळ्यात उंच, तिथे खाली उभं राहिलं की उन्हाळ्यात अंगावर शहारा येतो.

"घराला बादगीर होता. खाली हौद. दुपारी त्याच्याखाली बसलं की बाहेर आग पडो, काय नाही. तसा एक इथं बांध. मागं, पडवीवर. तू इंजिनिअर आहेस."

मी हसले. सांगितलं की कॉलनीचे नियम असतात, सिटीचं परमिट लागतं, आणि आमची कंपनी एसी विकते. ते म्हणाले, "बघ बाई." तेवढंच. मग मी आत गेले, थर्मोस्टॅट शहात्तरवर, म्हणजे आपल्या साडेचोवीसवर ठेवला, चार आकड्यांचं कुलूप घातलं आणि तो नंबर बेहरामला दिला.

जूनच्या मध्यावर बेहरामचा फोन. आवाज वेगळा. "शुभदाताई, एसी चालू होता का ते तुम्हाला ऑफिसमधून दिसतं ना? ममाला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलंय. हीट एक्झॉश्चन. ऊन बाधलं."

मी रेकॉर्ड उघडलं. घर दिवसभर शहात्तर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रेष सरळ. यंत्राने काडीचीही कसूर केली नव्हती.

झालं होतं असं. पलंगाच्या बरोबर वर हवेचं तोंड होतं. गार हवा दिवसभर शिरीनमावशींच्या गुडघ्यांवर आणि मानेवर पडायची. पूर्वी त्या उठून एसी बंद करायच्या. आता बटण दाबलं तर पडद्यावर नुसतं कुलपाचं चित्र यायचं. म्हणून ऊब घ्यायला त्या दुपारी मागच्या अंगणात जाऊन बसायला लागल्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्या दिवशी तिथेच डुलकी लागली. बाहेर चव्वेचाळीस होते. मेहरबानकाकांना जाग आली, पलंग रिकामा दिसला म्हणून ते बाहेर गेले, आणि त्यांना त्या खुर्चीत एका बाजूला कललेल्या सापडल्या. पंधरा मिनिटं आणखी गेली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

सव्वीस वर्षांत मी खिडक्या मोजल्या, भिंती मोजल्या, माणसांचेसुद्धा वॉट मोजले. ती खोलीत कुठे बसतात, हे फॉर्मवर नव्हतं म्हणून विचारलं नाही. देवघराचा पुठ्ठा मी इतक्या वेळा हसून सांगितला होता, आणि त्या लोकांनी निदान हवेचं तोंड बंद करून आपला बचाव केला होता. मी तर कुलूप लावून आले होते.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. शिरीनमावशी उठून बसल्या होत्या, हाताला सलाइन. बेहराम आणि त्याचे वडील कॉफी आणायला खाली गेले होते. मी म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. मी तुम्हाला काही विचारलंच नाही. आता सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

सोलापुरात चाळीस वर्षं शेजारणींशी बोलून त्यांचं मराठी नवऱ्यापेक्षा चांगलं झालेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"पलंग हलवा," त्या म्हणाल्या. "त्या भोकाखालनं."

"बस?"

"मुलगा म्हणतो लॉक लावू. म्हातारा म्हणतो मनोरा बांधू. पलंगाला चाकं आहेत हे कुणी बघितलं नाही."

मी मान खाली घातली. त्याच पुढे म्हणाल्या, "आणखी एक. मला दिवसातनं जरा वेळ बाहेर बसायचं असतं. आत मला लोणच्याच्या बरणीत घातल्यासारखं होतं. सगळं बंद. पाखराचा आवाज नाही. बाहेर बसता येईल आणि मरण येणार नाही, असं काही होतं का बघा."

त्या संध्याकाळी बेहरामने आणि मी पलंग चार फूट ढकलला, हवेच्या तोंडाची झडप भिंतीकडे वळवली आणि कुलूप काढलं. त्या उन्हाळ्यात शिरीनमावशींनी पुन्हा एकदाही एसी बंद केला नाही. आमच्या धंद्यातली ही माझी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली दुरुस्ती.

राहिलं दुसरं मागणं. घरी येऊन मी मेहरबानकाकांच्या नकाशाच्या माझ्या टिपा काढल्या आणि पहिल्यांदाच त्या इंजिनिअरच्या नजरेने वाचल्या. कोरडी हवा, पाणी, उंचावरचा वारा. वाळ्याचा कूलर पंख्याने जे करतो तेच हे पंख्याशिवाय. शोधलं तर कळलं, आमच्या ॲरिझोनातही काही लोकांनी असे मनोरे पूर्वी बांधून पाहिले होते, वरच्या फटींत ओल्या जाळ्या बसवून. ओल्या जाळीतून जाताना हवा गार होते, म्हणून जड होते आणि आपसूक खाली उतरते. मी आकडेमोड केली. ऑगस्टच्या दमट दिवसांत फारसा उपयोग होणार नाही, नागपूरचा कूलर पाऊस सुरू झाल्यावर चिकचिक करतो तसंच. पण एप्रिल ते जून, आणि पुन्हा ऑक्टोबर, पडवीत माणूस सुखाने बसेल.

माझा बॉस रे याने कागद बघितला आणि म्हणाला, "आपण एसीचा धंदा करतो, चिमणीचा नाही." मी म्हटलं, हे काम मी सुट्टीच्या दिवशी करीन. तो म्हणाला, "मग चिमणीच लिही फॉर्मवर. चिमणी अलाउड आहे."

फॉर्म गेला कॉलनीच्या कमिटीकडे. इथे घराला रंग कोणता, झाड कुठलं, कचऱ्याचा डबा कधी बाहेर, सगळं कमिटी ठरवते. सप्टेंबरात सुनावणी लागली. क्लबहाउसमध्ये लांब टेबल, त्यामागे सात शेजारी, मधे डोना नावाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "ही चिमणी आहे, तर फायरप्लेस कुठे आहे?"

मी खोटं बोलायच्या बेतात होते. मेहरबानकाका उठले. कोट घालून आले होते. त्यांचं इंग्रजी तुटक आहे, मी मराठीत लिहिते.

"ही चिमणी नाही," ते म्हणाले. "या बाईंनी माझ्यासाठी चिमणी लिहिलं. हा बादगीर आहे. माझ्या गावात प्रत्येक चांगल्या घराला असतो. पण एके काळी आमच्या धर्माच्या लोकांना तो बांधायची परवानगी नव्हती. आमची घरं ठेंगणी ठेवायची, उभ्या माणसाने हात वर केला तर छताला लागला पाहिजे, असा नियम होता. माझ्या पणजोबाचं घर तसंच होतं. त्या नियमाचं कारण एकच, कुणीतरी लहान दिसावं. तुमच्याही नियमाला कारण असेल. ते मला सांगा. चांगलं असलं तर मी घरी जातो."

डोनाबाईंनी नियमांची वही उघडली, मिटली. "कारण असं आहे," त्या जरा हळू म्हणाल्या, "की शेजाऱ्यांना डोंगर दिसायचे बंद होऊ नयेत."

"कुठल्या शेजाऱ्यांना?"

मागच्या घरातला कर्ट खुर्चीतून उठला. दाढीवाला, मोठा ट्रक चालवणारा, काकांशी आजवर एक शब्द न बोललेला माणूस. "तो मी," तो म्हणाला. "मला माझ्या खिडकीतून डोंगर दिसत नाहीत. मला ह्यांचं एसी युनिट दिसतं. त्यापेक्षा हे बरं दिसेल."

चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालं. उंची चिमणीइतकीच, रंग घराचाच, या अटींवर. चँडलरमधली घरं मातीच्या रंगाची असतात, त्यामुळे दुसरी अट म्हणजे येझदचीच होती. चौथं मत डोनाबाईंचं.

हिवाळ्यात काम सुरू झालं. लाकडी सांगाडा, बाहेरून प्लॅस्टर, वर चारी बाजूंनी फटी, आत ओल्या जाळ्या, खाली पडवीत लहानसा हौद आणि पाणी वर चढवायला छोटा पंप. त्यातल्या मोठ्या फटी कुठल्या बाजूला ठेवायच्या ते मी विमानतळावरच्या वाऱ्याच्या नोंदी बघून काढलं होतं. नैर्ऋत्य. मेहरबानकाका म्हणाले, "थांब." आतून एका वाटीत निखारा आणि चिमूटभर इस्पंद घेऊन आले. इस्पंद म्हणजे ते लोक दृष्ट काढायला जाळतात ते बी. चार दिवस, रोज दुपारी, ते अंगणाच्या मधे वाटी धरून उभे राहिले आणि धूर कुठे जातो ते बघत राहिले. धूर नैर्ऋत्येकडून येतच नव्हता. कर्टच्या घराच्या कोपऱ्याला आपटून वारा पश्चिमेकडून वळत होता.

"विमानतळावर कोण राहतं?" काकांनी विचारलं.

मी ड्रॉइंग बदललं. रे एकदा बघायला आला, मनोऱ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "माझ्या गिऱ्हाइकांना हे दाखवू नकोस."

मे महिन्याच्या पहिल्या तापलेल्या रविवारी आम्ही पंप पहिल्यांदा दिवसभर चालवला. बेहराम, त्याची बायको, मी आणि माझा नवरा, कर्ट एक कलिंगड घेऊन आलेला. मी दोन थर्मामीटर लावले. कुंपणाजवळ बेचाळीस. मनोऱ्याखाली अठ्ठावीस. मी पुन्हा बघितलं, जागा बदलून बघितलं. अठ्ठावीस. इतकी वर्षं मी घरं गार केली, पण प्रत्येक वेळी तेवढीच उष्णता शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकली. या खेपेला कुणाच्याही अंगणात काही टाकलं नव्हतं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, धूळ.

शिरीनमावशी काळ्या चहाचे ग्लास घेऊन बाहेर आल्या. मी उत्साहात म्हटलं, "मावशी, आता अगदी तुमच्या सासरच्या घरासारखं झालं."

"सासरच्या?" त्यांनी ट्रे खाली ठेवला. "ह्याच्या घराला कुठला बादगीर? दोन खोल्या होत्या, आणि छताला हात लागायचा. बादगीर आमच्या घराचा. माझ्या बापाचा. हा आमच्याकडं पाव द्यायला यायचा आणि दिला तरी जायचा नाही. हौदाजवळ उभा राहायचा."

सगळे मेहरबानकाकांकडे बघायला लागले. मला त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. घराला बादगीर होता, असं ते म्हणाले होते. कुणाच्या घराला, ते मीच गृहीत धरलं होतं.

काका चहाच्या ग्लासात बघत होते. "वाऱ्यासाठी उभा राहायचो," ते म्हणाले.

"काहीतरीच," शिरीनमावशी म्हणाल्या.

मग काकांनी सांगितलं. लग्नाची मागणी घालायला गेले तेव्हा शिरीनमावशींच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता. माझी मुलगी बादगीरच्या घरात वाढली, तुझ्या घराला बादगीर आहे का? "मी म्हटलं, नाही. बांधीन."

"डॅड, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," बेहराम म्हणाला.

"सांगून काय? सोलापुरात हॉटेलवर कुठं बांधणार? वरच्या मजल्यावर मालक राहत होता."

कर्टला काही कळलं नव्हतं. बेहरामने त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे किती वर्षं झाली?" काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं.

शिरीनमावशींनी आपली खुर्ची ओढत ओढत बरोबर मनोऱ्याच्या तोंडाखाली नेली, डोक्याचा रुमाल सोडला आणि डोळे मिटून चेहरा वर केला. पांढरे केस वाऱ्याने हलत होते.

"धूळ येते," त्या शेवटी म्हणाल्या. मग डोळे न उघडताच नवऱ्याला म्हणाल्या, "उभा का? तुझी खुर्ची आण की."